किबालेच्या जंगलाशेजारची विवरतळी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपला जवळजवळ अख्खा महाराष्ट्र लाव्ह्यावर उभा आहे, पण ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं आपल्याकडे एकही नाही. सह्याद्रीचा लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो थरावर थर वाहत राहिला. म्हणून आपल्याला कडे मिळाले, घाट मिळाले, विवरं मिळाली नाहीत. लोणार आहे, पण ते आकाशातून पडलेल्या दगडाने केलेलं. एकोणिसाव्या शतकात कित्येक अभ्यासकांना तेही ज्वालामुखीचंच वाटायचं, आणि लोणारच्या काठावर उभं राहिलं की त्यांना तसं का वाटलं असेल ते लगेच कळतं.

ज्वालामुखीने खणलेलं तळं खरोखर बघायचं असेल, आणि एकाच मुक्कामात पाच-सहा तरी बघायची असतील, तर पश्चिम युगांडातलं फोर्ट पोर्टल गाठावं. समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मीटरवरचं हे शहर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडं उंच. पश्चिमेला रुवेन्झोरीची रांग, दक्षिणेला न्दाली-कासेंदा पट्ट्यातली तळी, आणि त्यांच्या पूर्वेला किबाले राष्ट्रीय उद्यानाचं घनदाट वर्षावन. बहुतेक पर्यटक इथे चिंपांझींसाठी येतात. सकाळी जंगल, दुपारी गाडीतून उतरून एखाद्या तळ्याचा फोटो, संध्याकाळी पुढचं अभयारण्य. माझं कळकळीचं सांगणं आहे की तळ्यांना दोन पूर्ण दिवस द्या, आणि ते पायी द्या. पुढचा सगळा बेत त्याच हिशेबाने मांडला आहे.

आधी हे समजून घ्या

पूर्व आफ्रिकेची जमीन हळूहळू फाटते आहे. त्या फाटीची पश्चिमेकडची शाखा फोर्ट पोर्टलजवळून जाते. आल्बर्ट, एडवर्ड, जॉर्ज ही मोठी सरोवरं त्याच खचलेल्या पट्ट्यात आहेत. गंमत म्हणजे शेजारचा ५,१०९ मीटर उंचीचा रुवेन्झोरी ज्वालामुखी नाही, तो वर उचलला गेलेला जुन्या खडकाचा प्रचंड तुकडा आहे. ज्वालामुखीचं काम झालं ते त्याच्या पायथ्याच्या साध्या दिसणाऱ्या टेकड्यांमध्ये.

तापलेल्या फोडणीत ओला कढीपत्ता पडला की काय होतं ते आपण रोज बघतो. इथे जमिनीखाली तेच झालं. वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्फोटाने जमीन उडाली. उडालेली राख आणि दगड खड्ड्याभोवती पडून कडा तयार झाली, खड्ड्यात पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी साठलं. हे स्फोट भूगर्भशास्त्राच्या हिशेबात अगदी कालपरवाचे, म्हणून कडा अजून झिजलेल्या नाहीत. सगळ्याच विवरांत पाणी नाही. काही कोरडी आहेत, त्यांच्या तळाशी केळी आणि मका लावलेला दिसतो.

हे आधी माहीत असलं की चालताना डोळे वेगळं बघू लागतात. रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीत राखेचे पट्टे दिसतात, पायाखालची माती काळी आणि भुसभुशीत का ते कळतं, आणि एवढ्या तीव्र उतारावरही लोक शेती का करतात तेही कळतं.

निघण्याच्या दोन महिने आधी

सगळ्यात आधी यलो फीवरची लस. युगांडात शिरायला तिचं प्रमाणपत्र लागतं, व्हिसाच्या अर्जालाही जोडावं लागतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत येताना भारत सरकार ते मागतं. ते नसेल किंवा लस घेऊन १० दिवस झालेले नसतील, तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास घराघरात आहे, म्हणून हा नियम कडक आहे आणि तो कडकच असायला हवा. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे तारखा भराभर भरतात. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याच भेटीत मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही विचारून घ्या. या भागात मलेरिया बारा महिने आहे.

दुसरं, व्हिसा. युगांडाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करायचा. साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलरचा. केनिया आणि रवांडाही त्याच फेरीत करणार असाल तर तिन्ही देशांना चालणारा ९० दिवसांचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा १०० डॉलरला मिळतो. अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत. पत्ता नीट बघून मगच पैसे भरा.

तिसरं, चिंपांझी बघण्याचा परवाना. तो युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते, थेट किंवा पर्यटन कंपनीमार्फत. जुलै २०२४ पासून किबालेत परदेशी पाहुण्याला एका फेरीचे २५० डॉलर पडतात. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा आरक्षणाच्या वेळी पुन्हा विचारा. रक्कम मोठी आहे. ती परवडत नसेल तर एवढ्यासाठी सहल रद्द करू नका. या भागात माकडं, पक्षी आणि तळी बघायला तो परवाना लागत नाही.

महिना कुठला निवडावा? पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्यामुळे जून-जुलै किंवा डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी बरी. पण वर्षावनाच्या शेजारी कोरडा महिना म्हणजे कमी पावसाचा महिना एवढंच, रेनकोट तेव्हाही बॅगेत हवा. विषुववृत्त अगदी जवळ असल्याने दिवस वर्षभर बारा तासांचाच. सातच्या सुमाराला उजाडतं, सातच्या सुमाराला मावळतं, आणि आपल्याकडच्यासारखी रेंगाळणारी तिन्हीसांज इथे नसते. अंधार एकदम पडतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं.

मुंबई ते फोर्ट पोर्टल

युगांडा एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई-एंटेबे थेट विमान सुरू केलं. नाहीतर आदिस अबाबा, नैरोबी किंवा आखातातून जावं लागतं. एंटेबेहून राजधानी कंपाला साधारण ४० किलोमीटर. पहिली रात्र तिथेच काढा.

डॉलरच्या नोटांबद्दल एक सूचना लक्षात ठेवा. २००९च्या आधी छापलेल्या, दुमडून फाटलेल्या किंवा शिक्का मारलेल्या नोटा युगांडात सहसा घेत नाहीत. ५० आणि १०० डॉलरच्या नोटांना भाव चांगला मिळतो. कंपालात शिलिंग करून घ्या, कारण तळ्यांच्या गावांत कार्ड चालेलच असं नाही. एका रुपयाला साधारण चाळीस शिलिंग धरा, म्हणजे मनातला हिशेब सोपा होतो. पासपोर्ट दाखवून एमटीएन किंवा एअरटेलचं सिमकार्ड विमानतळावरच मिळतं. प्लग मात्र चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. अ‍ॅडॅप्टर घरूनच न्या.

कंपालाहून मित्याना, मुबेंदे, क्येंजोजो करत फोर्ट पोर्टल सुमारे ३०० किलोमीटर. बसने पाच तास धरा. इथे शब्दांचा घोळ होतो तो आधीच सांगतो: युगांडात ‘टॅक्सी’ म्हणजे वडाप, चौदा आसनांची पांढरी व्हॅन, भरली की सुटते. आपण ज्याला टॅक्सी म्हणतो तिला तिथे ‘स्पेशल हायर’ म्हणतात. ‘बोडा बोडा’ म्हणजे मागे बसवून नेणारी मोटरसायकल. हेल्मेट असेल आणि दिवसाउजेडी असेल तरच बोडावर बसा. फोर्ट पोर्टलमध्ये मी ‘टॅक्सी’ ठरवली आणि अर्धा तास गाडी भरण्याची वाट बघत बसलो, तेव्हा हा फरक माझ्या डोक्यात पक्का झाला.

शेवटच्या तासाभरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू होतात. जंगलाला लागून चहा लावण्याचा एक फायदा गावकरी सांगतात. हत्ती आणि माकडं चहा खात नाहीत. किबालेतून हत्ती बाहेर येऊन एका रात्रीत मक्याचं शेत संपवतात, त्या गावांत चहा हे कुंपणाचंही काम करतो.

मुक्काम शहरात करू नका

फोर्ट पोर्टलमध्ये हॉटेलं आहेत, पण मुक्काम तळ्याकाठी करावा. शहराच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर न्कुरुबा तळ्याच्या काठावर गावकऱ्यांनी चालवलेलं साधं राहण्याचं ठिकाण आहे. तंबू लावा किंवा खोली घ्या. जवळच न्यिनाम्बुगा तळ्यावर महागडे लॉज आहेत, तर जंगलाच्या वाटेवर न्याबिकेरे तळ्याकाठी मधल्या दराची सोय होते. न्याबिकेरे म्हणजे बेडकांचं तळं. रात्री दिवा मालवला की नाव सार्थ वाटतं.

मी न्कुरुबाची शिफारस करतो ती एका कारणासाठी. इतर बहुतेक विवरांच्या आतल्या उतारावरचं रान तोडून शेती झाली, इथे मात्र ते राखलं आहे. सकाळी उजाडता उजाडता बाहेर या. पाण्यावर धुकं असतं आणि समोरच्या झाडांत काळी-पांढरी कोलोबस माकडं उन्हाची वाट बघत बसलेली असतात. खांद्यांवरून लोंबणारे पांढरे केस, लांब पांढरी झुपकेदार शेपूट. ऊन शेंड्याला लागलं की एकेक जण हात पसरून उडी घेतो, तेव्हा ती पांढरी झालर हवेत उघडते. तांबड्या कोलोबसचे कळपही याच झाडांत येतात. हे सगळं परवान्याशिवाय, हातातल्या चहाच्या कपासकट.

पहिला पूर्ण दिवस: विवरांच्या कडेकडेने

मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळीच स्थानिक वाटाड्या सांगून ठेवा. वाटा शेतांमधून, घरांच्या अंगणांमधून जातात. वाटाड्या नसेल तर दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी परसात शिराल, आणि ते त्यांनाही बरं वाटत नाही. त्याची फी आधी ठरवा आणि पूर्ण द्या.

सातला निघा. दुपारनंतर ढग आणि सरी येतात, आणि रुवेन्झोरीची शिखरं दिसली तर पहाटेच दिसतात. अर्ध्या दिवसाच्या चालीत न्कुरुबाहून ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ नावाच्या टेकडीपर्यंत जाऊन आरामात परतता येतं. वर पोचलं की एकाच जागेवरून वेगवेगळी तळी दिसतात आणि प्रत्येकाचा रंग निराळा, एक गर्द हिरवं, एक निळं, एक शेवाळी. खाली दिसणारं न्यिनाम्बुगा हे युगांडाच्या २०,००० शिलिंगच्या नोटेवरचं तळं म्हणून ओळखलं जातं. वाटाड्या खिशातून नोट काढून ती समोरच्या देखाव्याशी जुळवून दाखवतो. तुम्हीही एक जपून ठेवा.

दुसऱ्या दिवशी, पाय दमले नसतील तर, माहोमा धबधब्यापर्यंत जा. त्या वाटेचा शेवटचा उतार तीव्र आहे, त्यासाठी दिवस पूर्ण ठेवा.

बुटांबद्दल गांभीर्याने सांगतो. राखेची माती कोरडी असताना भुकटी आणि ओली झाली की लोण्यासारखी. मी साधे, झिजलेल्या तळव्याचे बूट घालून गेलो होतो. रात्री पाऊस पडून गेला होता, आणि न्कुरुबाच्याच उतारावर पाय सुटून मी दोन-तीन मीटर खाली घसरलो. केळीच्या बुंध्याला हात लागला म्हणून थांबलो. खोल नक्षीचे ट्रेकिंगचे बूट आणि एक काठी, याला पर्याय नाही. काठी वाटेवर कुणीही पोरगा तोडून देईल.

त्याच वाटेवर समोरून एक आजी येत होत्या. डोक्यावर पिवळा जेरीकॅन, २० लिटरचा, काठोकाठ भरलेला, तोंडाला झाकणाऐवजी हिरवं कच्चं केळं खुपसलेलं. मी ज्या उतारावर घसरलो तोच त्या अनवाणी चढत होत्या. मी बाजूला झालो, त्यांनी मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी नमस्कार केला आणि विचारपूस केली. वाटाड्याने सांगितलं, त्या तुमचं एम्पाको विचारताहेत.

एम्पाको ही इथल्या तोरो लोकांची फार सुंदर रीत. प्रत्येकाला स्वतःच्या नावाशिवाय एक जिव्हाळ्याचं नाव असतं, आणि ते ठरलेल्या डझनभर नावांमधूनच निवडलेलं असतं: अमूटी, अकीकी, अब्वूली, अत्वूकी, अदयेरी, अतेन्यी वगैरे. नमस्कार करताना ते नाव घ्यायचं. नुसत्या नावाने हाक मारणं कोरडं वाटतं, आपल्याकडे ताई, दादा, काका न लावता बोलावं तसं. ही प्रथा मागे पडत चालली म्हणून युनेस्कोने २०१३मध्ये तिला तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतलं. तुमच्याकडे एम्पाको नसेल तर वाटाड्याला मागा, तो तुमच्याकडे बघून एक देईल. मला अत्वूकी मिळालं. पुढचे तीन दिवस गावात मुलंसुद्धा त्याच नावाने हाक मारत होती, आणि तोवर ‘मुहिंदी’ म्हणजे भारतीय एवढंच म्हणून ओळखला जाणारा मी त्या वाटेवरचा कुणीतरी झालो.

आणखी एवढं शिकून घ्या: ‘वेबाले’ म्हणजे धन्यवाद. चढ चढणाऱ्या माणसालाही इथे वेबाले म्हणतात, तो करत असलेल्या कष्टाबद्दल.

हे तळं त्या आजींचा पाणवठा आहे. साबण लावून काठावर अंघोळ, कपडे धुणं, डबे विसळणं यातलं काहीही करू नका. फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायकांचे. मुलं ‘मुझुंगू (परदेशी पाहुण्या), गिव्ह मी’ म्हणत मागे येतात. त्यांना पैसे किंवा गोळ्या वाटू नका, त्यांच्याशी बोला, थोडं चाला. द्यायचंच असेल तर कुठे द्यावं ते पुढे बिगोदीच्या परिच्छेदात आहे.

पाण्यात उतरायचं का?

हा प्रश्न सगळे विचारतात, कारण पाणी इतकं शांत आणि स्वच्छ दिसतं. पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं की विवरतळ्यांत बिल्हार्झिया नाही. बिल्हार्झिया म्हणजे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे होणारा आजार. हे कृमी कातडीतून शरीरात शिरतात. पण २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात फोर्ट पोर्टलच्या विवरतळ्यांजवळच्या शाळकरी मुलांमध्ये हा संसर्ग आढळला. तोवर एवढ्या उंचीवर तो नसतो असंच धरलं जात होतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. उतरू नका. उतरलातच तर परत आल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांना आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यात पोहल्याचं आवर्जून सांगा आणि तपासणी करून घ्या. आजार ओळखला गेला तर औषध आहे, न सांगितल्यास तो ओळखायलाच वेळ जातो.

दुसरा धोका खोलीचा. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना तो पटकन कळेल. या तळ्यांना उथळ काठ जवळजवळ नाही, दोन पावलांवर तळ सुटतो. कडा उंच असल्याने वारा पाण्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी सहसा मिसळत नाही. खालच्या थरात प्राणवायू नसतो. तिथे मासाही जगत नाही. जे तिलापिया मासे मिळतात ते माणसांनी नंतर सोडलेले, आणि तेही वरच्या थरातच राहतात.

तिसऱ्या दिवशी किबाले

तळी आधी आणि चिंपांझी नंतर, असा क्रम मुद्दाम सांगतो आहे. दोन दिवस चालल्यावर पाय, श्वास आणि बूट तिघेही जंगलासाठी तयार होतात.

किबालेचं क्षेत्र सुमारे ७९५ चौरस किलोमीटर. १९९३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, त्याआधी राखीव जंगल होतं. तेरा जातींची माकडं आणि वानरं इथे राहतात. चिंपांझी साधारण दीड हजार आहेत, युगांडात इतके दुसरीकडे कुठेही नाहीत. सुरुवात कान्यांचू इथल्या केंद्रापासून होते. फोर्ट पोर्टलहून कामवेंगेकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने ते साधारण ३५ किलोमीटर आहे. सकाळची फेरी आठला निघते, पण साडेसातलाच पोचा. पासपोर्ट आणि परवाना बरोबर हवा. लहान मुलांना या फेरीत नेत नाहीत, वयाची अट आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या.

पँट मोज्यांत खोवा. हे शोभेसाठी नाही, सफारी मुंग्यांसाठी आहे. त्यांची रांग ओलांडताना थांबायचं नाही, उडी मारून पुढे जायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ रेनकोट, दीड लिटर पाणी. दुर्बीण असेल तर मान दुखेल पण पैसे वसूल होतील.

चिंपांझी दिसण्याआधी ऐकू येतात. आधी हू-हू असा हळू आवाज, तो वाढत वाढत किंकाळ्यांपर्यंत जातो आणि मग ढोलावर थाप पडावी तसा धप्प-धप्प नाद. मोठ्या झाडांची मुळं खोडाच्या बाजूंना भिंतीसारखी पसरलेली असतात, त्यांवर नर हातापायांनी आघात करतो, तो हा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या छातीत घुमला. गट सापडला की एक तास मिळतो. पहिली वीस मिनिटं फोटो काढा, नंतर कॅमेरा बंद ठेवून नुसतं बघा. एखादी आई पिलाच्या केसांतून बोटं फिरवत असेल तर ते बघण्यासारखं आहे.

सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, परवान्याचे पैसे गेले तरी. २०१३मध्ये किबालेतल्याच कान्यावारा भागातल्या एका गटात श्वसनाचा आजार पसरला आणि पाच चिंपांझी मेले. तपासात निघाला तो माणसांना साधी सर्दी देणारा राइनोव्हायरस. मास्क लावायला सांगतात ते यासाठी. अंतर ठेवा, खाऊ नका, थुंकू नका.

दुपारी तिथून काही किलोमीटर पुढे बिगोदीला जा. मागोम्बे दलदलीचं हे राखीव क्षेत्र गावाच्या संस्थेने १९९२ पासून सांभाळलं आहे. प्रवेशाच्या पैशातून गावाची शाळा आणि इतर कामं चालतात. तुमच्या देणगीची जागा हीच. वाटाड्याबरोबर साधारण तीन तासांची संथ फेरी असते. ओल्या भागांत लाकडी फळ्यांची वाट आहे. पपायरसचे झुपके, तांबड्या शेपटीची माकडं, आणि नशीब असेल तर ग्रेट ब्लू टुराको, कोंबड्याएवढा मोठा निळा पक्षी, फांदीवर उड्या मारत पळणारा.

शाकाहारी माणसाचं काय?

काही अडत नाही. मटोके म्हणजे वाफवून ठेचलेली कच्ची केळी, सोबत घेवड्याची उसळ किंवा शेंगदाण्याचं घट्ट कालवण. शेंगदाण्याचं कालवण आपल्या उपवासाच्या आमटीच्या इतकं जवळचं लागतं की घरची आठवण येते. फक्त ‘कटोगो’ मागवताना विचारा, त्यात बऱ्याचदा जनावराचं आतडं-काळीज असतं. चपाती तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. भारतीय कामगार आणि व्यापाऱ्यांबरोबर ती पूर्व आफ्रिकेत गेली आणि आता युगांडाचीच झाली. मैद्याची, जाडसर, तेल सोडून भाजलेली. तिचे तुकडे करून वर घेवडा ओतला की ‘किकोमांडो’, अंड्याचं ऑम्लेट घालून गुंडाळली की ‘रोलेक्स’. आल्याचा दुधाळ चहा ‘आफ्रिकन टी’ म्हणून मागा. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलंच प्या.

एखादा दिवस उरला तर

शहराच्या आसपास साका आणि क्यानिंगा ही तळी आहेत. क्यानिंगाच्या कडेवर संध्याकाळी पाच वाजता बसा. पश्चिमेला आमाबेरे गा न्यिना म्वीरू या चुनखडीच्या गुहा आहेत. राजा बुकुकूच्या मुलीची दंतकथा वाटाड्या तिथे सांगतो आणि छतावरून थेंबथेंब गळणारं दुधाळ पाणी दाखवतो. बाहेरच्या कपारीपाशी जरूर थांबा. पण वटवाघळं असलेल्या कुठल्याही गुहेत आत शिरू नका, इथे किंवा दक्षिणेकडच्या मारामागाम्बोच्या जंगलात. २००८मध्ये तिथल्या एका गुहेत जाऊन आलेली डच पर्यटक वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या मारबर्ग विषाणूने दगावली. निघण्याआधी युगांडातल्या साथींची ताजी बातमी आरोग्य खात्याच्या सूचनांत बघून घ्या.

परतताना कंपालाची बस सकाळची पकडा, म्हणजे अंधार पडण्याआधी पोचाल. विमानाच्या आधी एक रात्र मोकळी ठेवा. चिखलाचे बूट तिथेच घासून धुवा, आणि मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत घरी आल्यावरही चालू ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर लगेच रक्त तपासा. लसीचं पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा. मुंबईत इमिग्रेशनच्या रांगेआधी आरोग्य अधिकाऱ्यांचं टेबल लागतं, तिथे ते मागतात.